चारशे बारा ‘न्हाई’

माझी बायको मॅनला विचारते. घरात एक मॅन जिवंत बसलेला असतो, त्याला न्हाई विचारत. कॉम्प्युटरातल्या मॅनला विचारते. पहिल्यांदा हे ऐकलं तवा माझा घास हातातच राहिला. म्हणलं, कोण हाय हा? तर म्हणली, मॅन म्हंजे मॅन्युअल. काळ्या पडद्यावर ‘मॅन’ लिहायचं, पुढं एखाद्या हुकमाचं नाव लिहायचं, की तो हुकूम काय करतो, कुठं अडतो, सगळी माहिती पानंच्या पानं समोर येते. तीबी इंग्रजीत. आन् ही बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मांडीवर डिक्शनरी घेऊन ते वाचून राहिली.

मी रविंद्र. सेनगाव-हिंगोली जीप चालवतो. डोकं लवकर तापतं आन् तोंड त्याच्याआधी सुरू होतं, हे रूटवरच्या सगळ्या पॅसेंजरला माहीत हाय. त्यामुळं करुणाबद्दल मी काही वाकडं बोललो तर तेवढं सोडून द्यायचं. सेनगावात बस स्टँडमागं, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर तिची टायपिंग इन्स्टिट्यूट हाय. लग्नाआधीपासूनची. अर्ध्या तालुक्यातले कारकून तिच्या हाताखालून गेले. तिचा नियम एकच: बोटांकडं बघायचं न्हाई. बटनांवरच्या अक्षरांवर तिनं कागद चिकटवून ठेवलेला, आन् तरीबी कोणी मान खाली घातली की हातावर लाकडी पट्टी बसायची. बघून मारलेलं अक्षर म्हंजे कॉपी, असं तिचं म्हणणं.

मंग टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. टायपिंगच्या बारा मशिनी कोपऱ्यात गेल्या. तिच्याजवळ दोनच कॉम्प्युटर होते, वीस वर्षांपूर्वीचे. एक मेला आन् दुसरा चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात मी नर्सी नामदेवची एक फेरी मारून यावं. हिंगोलीचा दुरुस्तीवाला म्हणला, मॅडम, भंगारात घाला. बस, ते ऐकून ती पेटली. तिला कोणी ‘होत न्हाई’ म्हणलं की बाई इरेला पडते, हे त्याला काय माहीत. मोबाईलवर वाचून तिनं शोधून काढलं की लिनक्स म्हणून एक प्रकार हाय, त्यातले काही इतके हलके असतात की असल्या म्हाताऱ्या मशीनवरबी पळतात. चित्रं न्हाईत, खिडक्या न्हाईत, नुसती अक्षरं. माझ्या मोबाईलचं सगळं नेट संपवून तिनं ते उतरवलं, झेरॉक्सवाल्याकडून सीडी करून आणली आन् कॉम्प्युटरात घातली.

मी तवा हजर होतो. पडदा काळाभोर झाला. वरती एक ओळ आली आन् एक बारकी रेघ लुकलुकायला लागली. मी म्हणलं, गेला. ती म्हणली, “गेला न्हाई. मी काय सांगते त्याची वाट बघून राहिला.”

चोवीस वर्षं मीबी तेच करून राहिलो, पण माझं कोणी कौतुक न्हाई केलं.

खरी गोष्ट अशी की तिला ते पाहताक्षणी आवडलं. माऊस तिला कधीच पटला नव्हता. डोळ्यानं शोधायचं, हातानं ढकलायचं, म्हंजे बघून टायपिंग केल्यासारखंच. इथं नुसतं लिहायचं. लिहिलं बराबर तर काम होतं, चुकलं तर तो सांगतो, न्हाई समजलं. दुपारच्या बॅचा रिकाम्या असायच्या, त्या वेळात ती रोज दोन हुकूम शिकायची आन् वहीत लिहायची. फाईल उघडून दाखवणाऱ्या हुकमाचं नाव कॅट. मी म्हणलं, उंदीर गेला आन् मांजर आलं. त्यावर हसली न्हाई, इतकी गुंगली होती.

तिचं शिकणं म्हंजे उकरून पाहणं. एक हुकूम कॅलेंडर दाखवतो. तिनं आमच्या लग्नाची तारीख घातली: तेरा मे दोन हजार एक, रविवार. मंग माझ्या जन्माचं वर्ष. मंग मागंमागं जात बसली आन् एक दिवस इन्स्टिट्यूटमधून मला फोन केला, मी पुसेगावात पॅसेंजर उतरवत होतो. म्हणली, सतराशे बावन्नच्या सप्टेंबरात दोन तारखेनंतर थेट चौदा येऊन राहिली, अकरा दिवस गायब हायेत. मी म्हणलं, बाई, मशीन भंगार हाय, तुला आधीच सांगितलं. पण चार दिवस तिच्या डोक्यातून ते अकरा दिवस गेले न्हाईत. शेवटी शोधलंच: इंग्रजांनी त्या महिन्यात जुनं कॅलेंडर टाकून नवं धरलं, तवा अकरा दिवस उडवले. मशीन बराबर होतं. मला त्या अकरा दिवसांशी काय घेणं? पण खरं सांगतो, पुढच्या फेरीत मी ती गोष्ट पॅसेंजरला सांगितली.

आता गुरुजींचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठी झालं.

प्रेमानंद गुरुजी म्हंजे माझे सासरे. पुसेगावात राहतात, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. शिकवायचे मराठी आन् हिंडायचे शिवारात. शाळा सुटली की कुणाच्याबी शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसायचे आन् माणसं बोलतात ते शब्द वहीत उतरवायचे. कोणत्या जमिनीला काय म्हणतात, अवजाराच्या कोणत्या भागाला काय, आभाळाच्या कोणत्या रंगाला काय. प्रत्येक शब्दापुढं, तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव आन् त्याचं बोलणं, जसंच्या तसं. वीस वर्षांत अकरा वह्या भरल्या. दोन हजार सहा साली करुणानं त्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाईप केल्या. मंग वह्या आन् सीडी नांदेडच्या एका प्रेसवाल्याकडं दिल्या. प्रेस बंद पडली, तो माणूस कुठं गेला कळलं न्हाई, वह्या रद्दीत गेल्या. इन्स्टिट्यूटच्या या कॉम्प्युटरात फाईल होती, पण तो एकदा बिघडून दुरुस्त होऊन आला तवा त्यातला मराठी फॉन्ट उडाला होता. फाईल उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, करप्ट झाली. गुरुजींनी ऐकून घेतलं आन् त्यानंतर पुस्तकाचं नावबी काढलं न्हाई. पण शिवारात जाणं बंद केलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आन् बोलणं गेलं. सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा: “न्हाई.” पाणी देऊ का, न्हाई. झोपता का, न्हाई. माझी सासू लक्ष्मीबाई, मी त्यांना मामी म्हणतो, त्या दिवसभर तो एकच शब्द ऐकून थकून गेल्या. डॉक्टरनं सांगितलं, त्यांच्या आवडीचं काही वाचून दाखवा, बोलतं करा. दुसरा झटका आला तर कठीण हाय. मामी पेपर वाचायच्या. गुरुजी भिंतीकडं बघायचे. करुणानं तवाच मनात घेतलं की बाबांना त्यांचं पुस्तक ऐकवायचं, आन् ते ऐकायला हायेत तोवर ऐकवायचं.

सीडीवरून चालणाऱ्या त्या लिनक्सनं जुन्या डिस्कला हात लावला नव्हता. जानेवारीत एका दुपारी तिनं डिस्क धुंडाळली तर गुरुजींची फाईल होती तिथंच. कॅट लिहून उघडली. तोच इंग्रजी काला पडद्यावरून धावला. मी डबा द्यायला गेलो होतो. ती पडद्याकडं बघत बसली होती आन् तिची बोटं टेबलावर हलून राहिली होती. आपोआप, जशी परीक्षेआधी पोरींची हलतात. मंग ती एकदम थांबली.

“डी, के, डी, जे, एच,” ती म्हणली. “अहो, ही काकरी हाय.”

मला वाटलं बाईला ऊन लागलं. तिनं मला ओढत कोपऱ्यातल्या मराठी मशीनजवळ नेलं, कागद चढवला आन् मला म्हणली, इंग्रजी बटनांवर डी कुठं असतो, तिथं मारा. मारलं. क उठला. के मारला, काना. पुन्हा डी, पुन्हा क. जे मारला, र. एच मारला, दीर्घ वेलांटी. कागदावर लिहिलेलं होतं: काकरी. तिफणीनं पेरताना जमिनीत पडते ती रेघ; दोन काकऱ्यांमधून मंग तण काढायचा डवरा चालतो.

फाईल करप्ट नव्हतीच. तो जुना फॉन्ट टायपिंग मशीनसारखा चालायचा. आत साठलेली असायची नुसती दाबलेली बटनं, आन् त्यांच्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवायचं काम फॉन्ट करायचा. मुखवटा गेला, बटनं राहिली. आन् कोणत्या बटनाखाली कोणतं अक्षर, हे सगळ्या हिंगोली जिल्ह्यात करुणाच्या बोटांइतकं कोणाला माहीत असणार? दुरुस्तीवाला डोळ्यानं बघत होता, म्हणून त्याला काला दिसला.

मंग सुरू झाला तिचा उद्योग. नव्या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला एक नंबर असतो. तिनं तक्ता केला, डावीकडं बटन, उजवीकडं नंबर. काही बटनं तिला विचार करून आठवायचीच न्हाईत. डोळे मिटून शब्द टेबलावर मारायची आन् बोट कुठं पडलं ते बघायची. तक्ता झाल्यावर सगळी फाईल त्यातून काढली. पण तो काळा पडदा मराठी दाखवतच न्हाई, नुसते चौकोन. म्हंजे केलं ते बराबर का चूक, हे तिथं दिसायची सोय न्हाई. ती फाईल पेनड्राईव्हमधून माझ्या मोबाईलवर टाकायची आन् मी जीप स्टँडवर नंबरला लावून ती वाचायचो. पहिल्या दिवशी तिफण शब्दाची वेलांटी त च्या आधी एकटीच एका ठिपक्यांच्या गोलावर बसलेली. प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीची तीच गत. मी फोन करून म्हणलं, तुझ्या वेलांट्यांनी संप केला.

ते कोडं तिनं दोन दिवसांत फोडलं. मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात आन् अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडं दिसते. नव्या पद्धतीत आधी अक्षर येतं आन् वेलांटी नंतर, जसं आपण तोंडानं बोलतो तसं. “मशीन दिसंल तसं लिहितं, आन् हे ऐकू येईल तसं,” ती म्हणली. हे तिला इतकं आवडलं की दोन-तीन दिवस तेच बोलत होती. पण वेलांटी उचलून अक्षरापलीकडं ठेवायचा हुकूम लिहायला आठ दिवस गेले. रफारानं त्याच्यावर ताण केली. तिची चिडचिड, माझी चिडचिड, घरात भाजी खारट. मार्च संपता संपता मोबाईलवर मी एक पान वाचलं आन् मला कुठंच अडखळायला झालं न्हाई. मुंजाजी म्हणून आमच्या लहानपणी एक म्हातारा होता, त्याचं बोलणं त्यात होतं. हुबेहूब मुंजाजी. माझ्या डोळ्याला पाणी आलं, लपवून काय करायचं.

आन् इथंच माशी शिंकली.

करुणा घरी ‘न्हाई’ म्हणते आन् इन्स्टिट्यूटमध्ये ‘नाही’. तिथं ‘न्हाई’ टाईप केलं तर एक चूक धरली जाते, लाल गोल पडतो. पंचवीस वर्षं लाल गोल करणारा हात तो. फाईल पूर्ण झाली आन् बाईला ते ‘न्हाई’ टोचायला लागलं. बाबांचं पुस्तक कसं स्वच्छ पाहिजे. एका ओळीचा हुकूम असतो, अख्ख्या फाईलमधला एक शब्द दुसऱ्यानं बदलणारा. तिनं मला बोलावून दाखवलं. एक ओळ लिहिली, बटन दाबलं, आन् डोळ्याची पापणी लवायच्या आत चारशे बारा ठिकाणचं ‘न्हाई’ जाऊन ‘नाही’ झालं. मंग ‘काहून’चं ‘का’. मंग ‘आमी’चं ‘आम्ही’, ‘त’चं ‘तर’. मी तोंडात बोट घातलं. म्हणलं, लई भारी. आता खोटं कशाला बोलू, मीबी त्यात होतो.

एप्रिलातल्या रविवारी आमी पुसेगावला गेलो. चार पानं छापून घेतली होती. गुरुजींना उशाला टेकवून बसवलं, मामी पायथ्याशी बसल्या. करुणा म्हणली, “बाबा, तुमचं पुस्तक सापडलं.” गुरुजींची नजर भिंतीवरून सुटली आन् तिच्या हातातल्या कागदावर आली. ती वाचायला लागली. काकरी, म्हंजे काय, आन् पुढं मुंजाजीचं बोलणं: काकरी सरळ नाही पडली तर डवरा पिकातून जातो.

“न्हाई,” गुरुजी म्हणले.

ती थांबली, मंग पुढं वाचायला लागली. दोन शब्दांनी पुन्हा “न्हाई.” पान उलटलं, पुन्हा. तिसऱ्या पानावर तर त्यांनी डाव्या हातानं बाजेवर थापट मारली आन् डोळे गच्च मिटून घेतले. मामी उठल्या. म्हणल्या, राहू दे करुणा, त्यांना न्हाई ऐकायचं, भरलेली जखम हाय ती, काहून उकरतीस. येताना जीपमधी करुणानं ती चार पानं घडी घालून पिशवीत कोंबली. मला राग आला, कोणाचा ते सांगता येत न्हाई. चार महिने एका माणसासाठी राबायचं आन् त्यानं थापट मारायची. मी गुरुजींना मनातल्या मनात नको नको ते बोललो.

पंधरा दिवस कॉम्प्युटर बंद. मला वाटलं संपलं. मंग एक दिवस ती चार पानं तिच्या हातात आली, रद्दीत टाकायला म्हणून. त्यांच्यावर पेन्सिलीचे बारके गोल होते. तिनंच केलेले. वाचताना गुरुजी जिथं जिथं “न्हाई” म्हणले, तिथं तिथं तिच्या हातानं सवयीनं गोल केला होता, परीक्षेला कागद तपासतात तसा, आन् तिला ते ध्यानातबी नव्हतं. नऊ गोल. ती ते बघत बसली. माणसाला ऐकायचंच नसेल तर तो कुठंबी न्हाई म्हणंल. हे गोल काही ओळींवरच कसे? दुसऱ्या पानावर तर अर्ध्या पानभर एकबी न्हाई.

शब्द बदलायच्या आधी तिनं मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवली होती. कार्बन घातल्याशिवाय कागद चढवायचा न्हाई, ही मशीनची सवय. आन् दोन फाईली शेजारी ठेवून फक्त फरक पडलेल्या ओळी दाखवणारा एक हुकूम तिला येत होता. तो चालवला. त्या चार पानांत फरकाच्या ओळी निघाल्या दहा. तिनं पानांशी ताडून पाहिलं. नऊ ओळींवर नऊ गोल. दहावी वाचली तवा गुरुजींना ठसका लागला होता.

मी संध्याकाळी जीप लावून वर गेलो तर ती रडून राहिली होती. मला वाटलं पुसेगावहून काही वाईट फोन आला. तिनं पानं माझ्यापुढं धरली.

“बाबा नको म्हणून न्हाई राहिले,” ती म्हणली. “बाबा चुका काढून राहिले. माझ्या चुका.”

दुसऱ्या दिवशी मी नंबर सोडला, पॅसेंजर ओरडले, ओरडू दिलं. मूळ फाईलची पानं छापून घेतली आन् पुसेगाव गाठलं. मामी दारातच आडव्या आल्या. म्हणल्या, पुन्हा त्यांना तकलीफ देऊ नका. करुणा म्हणली, एक पान वाचते फक्त. गुरुजी आमच्याकडं बघून राहिले होते.

तिनं वाचलं. “काकरी सरळ न्हाई पडली त डवरा पिकातून जातो.” थांबली. गुरुजी गप. पुढं वाचलं, भिकाबाईचं बोलणं, जळबाचं बोलणं, सगळं जसंच्या तसं. गुरुजी गप. एक पान झालं, दोन झाली, तीन झाली. मामी वाकून त्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या, की यांना झालं काय, आज एकदाबी न्हाई म्हणले न्हाईत. डोळे टक्क उघडे होते त्यांचे, आन् करुणाच्या शब्दामागं डाव्या हाताचं बोट पांघरुणावर सरकून राहिलं होतं, वर्गात धडा लावून घेतात तसं.

चौथ्या पानावर करुणा थकली होती. कागदावर ‘न्हाई’ होतं, आन् पंचवीस वर्षांची जीभ, ती घसरली. ती म्हणली, “नाही.”

“न्हाई!” गुरुजी म्हणले, असे जोरात की बाहेर बकरी दचकली. आन् हसले. तोंडाची डावीच बाजू हसली, पण पोट गदगदून हसले. करुणा हसायला लागली, मी हसायला लागलो, तिनं पेन्सिल काढून त्यांच्या समोर कागदावर गोल केला तर ते आणखी हसले.

मामी तेवढ्या हसल्या न्हाईत. त्या बाजेचा काठ धरून उभ्या होत्या.

“मंग मी पाच म्हैने काय ऐकून राहिले?” त्या म्हणल्या.

ताट पुढं केलं की न्हाई, म्हणून त्यांनी ताट उचललं होतं. भात नको होता का भातावरचं वरण, हे विचारलं नव्हतं. खिडकी उघडू का म्हणलं, न्हाई. म्हणून सगळा उन्हाळा खिडकी लावलेली. त्या तशाच खाली बसल्या, गुरुजींचा गेलेला हात मांडीवर घेतला आन् म्हणल्या, तुमी सांगून राहिले होते आन् मला कळलं न्हाई. गुरुजींनी त्यांच्याकडं बघितलं. या बारीला ते काही म्हणले न्हाईत.

आता पुस्तक रोज थोडं थोडं वाचतात, मामीच वाचतात. दुसरा शब्द अजून आलेला न्हाई, येईल का ते डॉक्टरलाबी माहीत न्हाई. पण गुरुजींनी “न्हाई” म्हणलं की त्या घरात आता कोणी ताट उचलत न्हाई. हातातलं काम ठेवतात, त्यांच्यापुढं बसतात आन् विचारतात, कुठं चुकलं?